कुलूप काढण्याची रीत

३ फेब्रुवारी

चि. बारक्या,

तुला, घरात आणि मुलीला दादाचे आशीर्वाद. इकडे देवाच्या दयेने सगळे सुखरूप आहोत. तुझ्या वहिनीचा गुडघा एक दिवस ऐकतो, दोन दिवस ऐकत नाही. थोरला नोकरीला चिकटला. धाकटीला अजून काय व्हायचंय ते ठरत नाही. दर महिन्याला नवीन काहीतरी असतं.

पत्र लिहिण्याचं कारण कामाचं आहे. फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर आपण दोघं "बरं आहे ना?" आणि "बरं आहे" याच्या पलीकडे जात नाही. शिवाय लिहिताना मला विचार करता येतो. बोलताना मी नुसता बोलतो.

तू कारखाना सोडलास तेव्हाचे साहेब केव्हाच गेले. दोन वर्षं झाली, एक मॅनेजर बाई आहेत. बोलायला कमी, बघायला जास्त. मागच्या महिन्यात त्यांनी ठरवलं की मशीनच्या आत शिरून सफाई-दुरुस्ती करणारे जे बेचाळीस जण आहेत त्यांना नव्याने प्रशिक्षण द्यायचं. मशीन बंद करायची, मेन स्विचला प्रत्येकाने आपापलं कुलूप लावायचं, किल्ली आपल्या खिशात ठेवायची आणि मगच आत जायचं, ही पद्धत. भिंतीवर ती मोठ्या अक्षरात लिहिलेली आहेच. बाई म्हणाल्या, "भिंतीला पाठ आहे, माणसांना नाही."

तीन संस्थांचे अर्ज आले. त्यात एक तुझा. कोणती घ्यायची ते पाहून यायचं काम बाईंनी मला दिलं, कारण सर्वांत जुना इन्चार्ज मी. मी लगेच सांगितलं, "बाई, यातली एक माझ्या भावाची आहे."

"सख्ख्या?"

"सख्ख्या."

"मग बरंच झालं. त्याच्या चुका तुम्हाला कुणी दाखवायला नको. आणि शेवटची सही माझी आहे."

त्यांनी अठरा प्रश्नांचा छापील तक्ता हातात ठेवला. प्रत्येक प्रश्नापुढे गुण आणि शेरा.

दोन संस्था पाहून झाल्या. पहिलीची इमारत सगळी काचेची. बूट बाहेर काढावेत की काय, असं मला झालं. शिकवणाऱ्या गृहस्थांचा टाय सरळ, भाषा सरळ, आणि पडद्यावर एकामागून एक शहाऐंशी चित्रं. स्विचला त्यांनी जन्मात हात लावला नसावा. शेजारी बसलेला एक ड्रायव्हर माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "काका, डोळे मिटा खुशाल. इथे सगळे पास होतात." मला वाटलं, गंमत करतोय. बाहेर पडताना टेबलावर प्रमाणपत्रांचा गठ्ठा दिसला. तारीख दुसऱ्या दिवसाची, आणि परीक्षा व्हायची होती.

दुसरी एका निवृत्त निरीक्षकांची. मी मनात त्यांना जमदग्नी म्हणतो. नियम तोंडपाठ. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत एक गोष्ट सोडली नाही, आणि एकदाही खाली बसले नाहीत. पण मशीन म्हणावं तर खोलीत पंखा तेवढा. स्विच फळ्यावर काढून दाखवतात. एका वयस्क फिटरने विचारलं, "साहेब, दांडा गंजून जड झाला असेल तर?" ते म्हणाले, "नियमात जड-हलकं नाही." फिटर बिचारा वहीत तेच लिहून घेऊ लागला.

येत्या गुरुवारी तुझ्याकडे येतो. ओळख दाखवू नकोस, मीही दाखवणार नाही. शेवटच्या बाकावर बसेन आणि जेवायला न थांबता परत जाईन. घरात सांग, राग मानू नका म्हणावं.

थंडीत बोटं अजून दुखतात का? जी नाहीत तीच जास्त दुखतात, असं तू एकदा म्हणाला होतास.

दादा


११ फेब्रुवारी

चि. बारक्या,

परवा आलो तसाच निघालो. दारात तुझी मुलगी भेटली, तिला मी ओळखूच आलो नाही. "काका, सरांना भेटायचंय का?" म्हणाली. काका म्हणाली तेवढं बरोबर होतं.

आधी जे चांगलं ते लिहितो, कारण ते खरं आहे.

पत्र्याची शेड, जमीन झाडलेली, खिडक्या उघड्या. भिंतीवर सहा तऱ्हेचे खरे मेन स्विच, त्यातला एक मुद्दाम गंजवलेला. मध्ये जुनं मिक्सर, त्याच्या पात्यांना लाल रंग. मला तेव्हाच कळलं की इथे बसून शिकणं जमणार नाही. तू बोललास कमी, करून घेतलंस जास्त. तो जाडसर इसम गंजक्या स्विचशी हळूहळू खेळत होता, तेव्हा तू म्हणालास, "गोंजारू नका त्याला, मांजर नाही ते. दोन्ही पाय रोवा आणि ओढा." त्याने ओढला. दांडा खाली आल्यावर त्याचा चेहरा तू पाहिलास का? मी पाहिला. तक्त्यात त्याला गुण देता येत नाहीत.

आणि ती तुझी खोड, मध्येच थांबून "किल्ली?" म्हणायची. ज्याची किल्ली स्वतःच्या खिशात नाही तो उभा. एक जण उभा राहून म्हणाला, "सर, माझी याच्याकडे आहे. आम्ही दोघं म्हणजे एकच." तू म्हणालास, "असं? मग आता हातही दोघांत मिळून दोनच ठेवा." सगळे हसले. तो मात्र खाली बघत होता, आणि किल्ली घेताना त्याने मित्राकडे पाहिलं नाही.

जेवणाआधी तू डावा हात वर केलास. अंगठा आणि एक बोट. म्हणालास, "कागदाच्या कारखान्यात लगद्याची टाकी असते. तळाशी पातं. पात्यात तार अडकते, ती कापायला आत उतरावं लागतं. मी उतरलो, माझं कुलूप मी लावलं नव्हतं. बस, एवढीच गोष्ट." तेव्हा तो दाढीवाला, चहाच्या वेळी सगळ्यांना हसवणारा, त्याने विचारलं, "ते झालं सर. पण चालू कुणी केलं?"

तू म्हणालास, "मशीन आहे. कुणीतरी चालू करतंच."

पुन्हा सगळे हसले आणि जेवायला उठले. मी बाकावर तसाच बसून तक्ता भरत राहिलो. तेरा प्रश्न भराभर भरले. चौदावा असा आहे: काम संपल्यावर कुलूप काढण्याची रीत शिकवतात काय?

दुपारनंतरही मी वाट पाहिली. तू कुलूप लावायचं अकरा प्रकारांनी शिकवलंस. गटाचं कुलूप, पाळी बदलताना, वीज गेली तर, किल्ली हरवली तर. काढायचं कसं याबद्दल एक वाक्य नाही. जमदग्नींनी यावर पाऊण तास घेतला होता. काचेच्या इमारतीत चार चित्रं होती. तुला ते येत नाही असं कसं म्हणू? आपल्या कारखान्यात तुझ्याइतकं ते कुणाला येत नव्हतं.

तू ते का शिकवत नाहीस, हे मला चौदाव्या प्रश्नावर पेन्सिल टेकवल्यावर समजलं. कुलूप काढायचं शिकवायचं तर काढणाऱ्याबद्दल बोलावं लागतं. आणि दाढीवाल्यासारखा एखादा विचारणारच.

आता जे आपण अकरा वर्षं बोललो नाही ते लिहितो. पाल्हाळ लावत नाही.

तुझं कुलूप माझ्या खिशात होतं. लहानपणापासून तू किल्ल्या हरवायचास, म्हणून कामावर लागल्या दिवशीच ते मी ठेवून घेतलं होतं. त्या दिवशी तू मागितलंस. मी म्हणालो, "माझं लागलंय ना, तेच तुझं." तू मागितलं होतंस, हे चौकशीच्या कागदात कुठेही नाही.

काम झाल्यावर वर आलेल्यांना मी एकेकाला विचारलं. ऑइलवाला आला, फिटर आला, दोघे सफाईवाले आले. चार मोजले. आत तुम्ही पाच जण होतात, पण मी चारच मोजले आणि माझ्या मनाला ते पुरे वाटले. तुला मी मोजलंच नाही. पुढे मी पुष्कळदा आठवून पाहिलं, विसरलो होतो का? विसरलो नव्हतो. इतरांची मोजणी करताना तू माझ्या बाजूला उभा असतोस, असंच मी धरून चालायचो. माणूस स्वतःला कुठे मोजतो? तू पक्कड आणायला परत उतरला होतास. मी टाकीत वाकून पाहिलं नाही. कुलूप काढलं आणि स्विच मारला.

इस्पितळात तू पहिलं वाक्य बोललास ते हे: "दादा, मीच लावलं नाही असं सांगितलंय. तू मध्ये पडू नकोस." मी मध्ये पडलो नाही. तुझी चूक ठरली, तुला थोडक्या पैशांत वाटेला लावलं. दोन वर्षांनी मला बढती मिळाली आणि मी ती घेतली. रोज सकाळी देवापुढे हात जोडतो. जोडायला मला दहाही बोटं आहेत. माफी मात्र कधी मागितली नाही. ती देवाकडे मागून उपयोग नव्हता, कारण गुन्हा त्याचा केला नव्हता.

आता प्रश्न निवडीचा. तुला पूर्ण गुण दिले तर आमचे बेचाळीस जण कुलूप लावायला शिकतील आणि काढायला शिकणार नाहीत. पुढचा इन्चार्ज माझ्यासारखाच असेल, चांगला, घाईतला, आपल्या माणसाला न मोजणारा. गुण कापले तर शेऱ्यात कारण लिहावं लागेल.

तिसरी वाट होती, ती लपवत नाही. काल मी जमदग्नींच्या नावाची शिफारस लिहून ठेवली होती. कारणही झकास सुचलं होतं: नात्यामुळे गैरसमज नकोत म्हणून. वाचणारा म्हणाला असता, काय सचोटीचा माणूस! दोनदा वाचली, छान वाटली. तिसऱ्यांदा वाचताना लाज वाटली. फाडली.

तुझ्या हातात काम कमी आहे, हे मला तुझ्या वहिनीकडून कळलं. शेड टिकवायला हे काम तुला हवंय. तरी चौदाव्यापुढे मी शून्य लिहिलं आहे. शेरा अजून लिहिलेला नाही. तुझं उत्तर येऊ दे.

दादा


१८ फेब्रुवारी

चि. बारक्या,

तुझं पत्र काल मिळालं. पाच ओळी. "दादा, झालं ते झालं. तेव्हा आप्पा अंथरुणाला होते, तुझी दोघं लहान होती, मी एकटा जीव. विचार करूनच बोललो होतो. काम नाही मिळालं तर नाही, पण तू आता स्वतःची नोकरी घालवू नकोस. आणि शेवटच्या बाकावर बसून पाय हलवणं बंद कर, पुढची तिन्ही बाकं हलत होती."

वहिनीने शेवटची ओळ मोठ्याने वाचली आणि म्हणाली, "बघा, त्यालाही दिसतं." मग तिने वरच्या ओळी वाचल्या, आणि गुडघ्याला हात लावून उठून आत गेली. तिला मी त्याच्या दोन दिवस आधी सगळं सांगितलं होतं. ती एवढंच म्हणाली होती, "मला वाटलंच होतं. तुम्ही त्याच्या हाताकडे कधी बघत नाही."

तुझं पत्र यायला उशीर झाला. मी थांबायला हवं होतं, तसं लिहिलंही होतं, पण सोमवारी बाईंनी तक्ता मागितला. चौदाव्या प्रश्नावर बोट ठेवून म्हणाल्या, "बाकी सगळीकडे पैकीच्या पैकी, इथे शून्य आणि शेरा कोरा. का?"

मी उभ्यानेच सांगितलं. तुझं कुलूप, माझा खिसा, चार माणसं, स्विच. त्यांनी मध्ये तोडलं नाही. संपल्यावर विचारलं, "हे अकरा वर्षांनी का सांगताय?"

मी म्हणालो, "संस्था निवडायची होती म्हणून."

हे उत्तर त्यांना विनोदी वाटलं की उद्धट, ते कळलं नाही. मला तर दुसरं सुचलंच नाही, आणि ते खरंही होतं.

मग त्यांनी जे विचारलं त्याचा मी विचार केला नव्हता. "म्हणजे तुमच्या भावाने चौकशीत खोटं सांगितलं. खोटं सांगणाऱ्याकडून मी माझ्या माणसांचा जीव सांभाळायला शिकवून घेऊ?"

बारक्या, मला वाटत होतं की खरं बोललो की झालं. नुकसान काय व्हायचं ते माझं. ते तुझ्यावर जाईल हे डोक्यातच आलं नव्हतं. पुन्हा तुला मोजायचं राहिलं होतं.

मी म्हणालो, "बाई, तो खोटं बोलला ते स्वतःवर घेण्यासाठी. मी गप्प राहिलो ते दुसऱ्यावर पडू देण्यासाठी. एकाला काढायचं असेल तर मला काढा."

"तो विचार चालूच आहे," त्या म्हणाल्या, आणि गाडी काढायला सांगितली.

त्या तुझ्याकडे आल्या, अर्धा दिवस बसल्या, हे तुला ठाऊकच आहे. परत आल्यावर मला बोलावून सांगितलं, "मी त्यांना एकच विचारलं, चालू कुणी केलं? ते म्हणाले, दादाने सांगितलं असेल तर तुम्हाला माहीत आहे, सांगितलं नसेल तर मलाही माहीत नाही." मग म्हणाल्या, "घरात तुम्ही सगळे असेच आहात का?" मी म्हणालो, "आप्पा याहून वाईट होते."

त्यांचा निर्णय तुला लेखी येईलच, तरी माझ्याकडून ऐक. काम तुला. अट एक: अर्धा दिवस कुलूप काढण्याच्या रीतीसाठी, आणि ती शिकवताना टाकीची गोष्ट पूर्ण सांगायची, अर्धी नाही. तू हो म्हणालास, असं त्यांनी सांगितलं. किती वेळाने म्हणालास ते विचारायचा मला धीर झाला नाही.

जुन्या चौकशीच्या कागदाला माझा जबाब जोडला जाईल. तुझी चूक म्हणून जो शिक्का होता तो पुसणारं पत्र तुला कार्यालयाकडून येईल; जपून ठेव, मुलीला दाखव. माझं इन्चार्जपद कालपासून काढलं. सध्या स्टोअरमध्ये खिळे-नटांची मोजदाद करतो. पुढचं वरचे लोक ठरवतील. तू वाईट वाटून घेऊ नकोस. मी घेतलेलं नाही, आणि हे मोठेपणाने म्हणत नाही. सकाळी देवापुढे बसलो तेव्हा नेहमीपेक्षा लवकर उठावंसं वाटलं, एवढंच. तिथे आता मागण्यासारखं थोडंच उरलं आहे.

बाकी तुला शिकवण्याची माझी योग्यता नाही. पण काढण्याची रीत शिकवताना या तीन गोष्टी माझ्याकडून घे. आत गेलेला प्रत्येक जण बाहेर येऊन आपलं कुलूप आपल्या हाताने काढतो, दुसऱ्याने काढायचं नाही, सख्ख्या भावाने तर नाहीच. माणसं मोजायची ती नाव घेऊन, आणि सुरुवात आपल्या सर्वांत जवळच्यापासून. आणि स्विचला हात लावण्याआधी आत वाकून स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं. वाकायला तीन-चार सेकंद लागतात. मी नंतर मोजून पाहिले आहेत.

पहिली तुकडी सोमवारी. बेचाळीसांत माझं नाव नव्हतं, कारण स्टोअरवाला मशीनमध्ये जात नाही. मी बाईंना विनंती केली, त्यांनी त्रेचाळिसावं घातलं. काम गेलं तरी शिकायला हरकत नाही म्हणाल्या. वर्गात मी तुला सर म्हणेन. तुला हसू आलं तर आवर, आमचे लोक फार चावट आहेत.

गोष्ट कुठून सुरू करायची ते तू ठरव. पण आपण त्या टाकीपाशी पोचलो की तू थांब. पुढचं माझ्या तोंडून होऊ दे. बाकी तू इतकी वर्षं एकट्याने सांगितलं आहेस.

तुझ्याहून सहा वर्षांनी मोठा आणि या एका धड्यात तुझ्याहून अकरा वर्षं मागे राहिलेला,

दादा